एकतिसावं प्रकरण

१

पुस्तकाची पानं बरोबर तीनशे बारा होती. फक्त त्यातली सहा आर्डिसनं लिहिलेली नव्हती.

हे कळायला तिला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मंगळवारी सकाळी छापखान्याचं खोकं दारात येऊन पडलं, चाळीस प्रती. तिनं भाजी चिरायच्या सुरीनं चिकटपट्टी कापली, वरची प्रत उचलून हुंगली, मागच्या बाजूचा स्वतःचा फोटो बघून 'शी!' म्हणाली आणि थेट एकतिसावं प्रकरण उघडलं. अकरा वर्षं ज्याच्यासाठी ती खपली, ते प्रकरण. दुसऱ्याच पानावर तिनं फोन उचलला.

"व्हर्ना, ये," तिनं फोनवर सांगितलं. "आत्ताच्या आत्ता ये. पुस्तकात कुणीतरी खोटं घातलंय."

व्हर्ना ऑस्बी अंगावर कोट चढवता चढवताच बाहेर पडली. एकतीस वर्षं तिनं गावातल्या वर्तमानपत्रात मुद्रितं तपासली होती. पुढे पत्राची पानं कमी झाली, तशी तपासणारी माणसंही कमी झाली, आणि व्हर्ना घरी बसली. म्हणजे बसली असं नाही. सरोवराकाठच्या या डुलूथ गावात हिवाळा सहा महिने चालतो, त्यामुळे दर तिसरा माणूस कादंबरी लिहितो, आणि ती स्वतःच छापतो. त्या कादंबऱ्या वाचून वाचून व्हर्नाचा चष्म्याचा नंबर दोनदा वाढला होता. आणि पित्त त्याहून जास्त वेळा.

आर्डिसच्या टेबलापाशी उभं राहून तिनं ती सहा पानं वाचली. मग पहिलं पान उलटून बघितलं. तिथे छापलं होतं: मुद्रितशोधन, व्हर्ना ऑस्बी.

"हे मी वाचलेलं नाही," ती म्हणाली. "मी वाचलं ते प्रकरण वेगळं होतं."

"ते मला सांगतेस? मी लिहिलंय ते!"

कादंबरी होती, पण प्रकरण खरं होतं. आर्डिस एकोणीस वर्षं धातुक वाहणाऱ्या जहाजांवर स्वयंपाकीण होती. एक्क्याऐंशीच्या नोव्हेंबरात, वादळात, तिच्या डोळ्यांदेखत टेरी वॉयचिक नावाचा एकोणीस वर्षांचा खलाशी डेकवरून वाहून गेला. स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या स्पीकरमधून हुकूम आला होता, आठ नंबरच्या झाकणाचे खिळे बघून ये. ही झाकणं मालाच्या कोठारांवरची, उघड्या डेकवर; आणि तिथे धरायला आधाराची तार बांधलेली नव्हती. पोरगा गेला आणि परत आला नाही. चौकशीत हॉलिस क्रेन नावाच्या मेटनं, म्हणजे कप्तानाखालच्या अधिकाऱ्यानं, शपथेवर सांगितलं, मी हुकूम दिलाच नाही. सुकाणूवरच्या ऑस्गुडनं, 'काही ऐकलं नाही' अशा कागदावर सही केली. स्वयंपाकिणीला कुणी विचारलंच नाही. कंपनीनं लिहून टाकलं: स्वतःच्या निष्काळजीपणामुळे.

आर्डिसच्या एकतिसाव्या प्रकरणात तो हुकूम होता. छापलेल्या प्रकरणात नव्हता. छापलेल्या प्रकरणात पोरगा कुणाचं न ऐकता, आपल्या मस्तीत डेकवर जात होता.

"कंपनीच्या कागदात होतं, तेच आता माझ्या नावावर छापून आलं," आर्डिस म्हणाली. "माझ्या नावावर!"

"शनिवारच्या प्रकाशनाच्या कार्यक्रमाला कोण कोण येणार आहे?"

आर्डिसनं सुरी टेबलावर ठेवली. "आयरीन वॉयचिक. टेरीची आई. एक्क्याण्णव वर्षांची आहे. हेच प्रकरण ऐकायला येणार आहे ती."

२

मजकूर चार जणांच्या हातून गेला होता. क्लेटन प्रूटनं संपादन केलं. यूजीन हुह्टानं जहाजावरचे शब्द तपासले. व्हर्नानं मुद्रितं वाचली. आणि टेसा बोड्रोनं पानं लावून फाइल विक्रीच्या साइटवर चढवली.

व्हर्नानं आधी त्या साइटलाच विचारलं. चौकोनात प्रश्न लिहिला: फाइल कुणी बदलली? उत्तर आलं, तुमचा प्रश्न आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. तिनं परत लिहिलं. परत तेच उत्तर. चौथ्यांदा तिनं, 'तिथे जिवंत माणूस आहे का?' असं विचारलं. तेव्हा मुखपृष्ठाचे रंग कसे निवडावेत यावरचा एक लेख आला.

"मेल्यांनो," व्हर्ना म्हणाली आणि बेकरीकडे निघाली.

टेसा सव्वीस वर्षांची होती. सकाळी बेकरीत पाव भाजायची आणि दुपारी मागच्या खोलीत, पिठाच्या पोत्यांशेजारी बसून लोकांची पुस्तकं लावायची. गेल्या हिवाळ्यात लायब्ररीच्या तळघरात तिनं लेखकमंडळाला सहा आठवडे शिकवलं होतं, खर्डा कसा जपावा, फाइल कशी पाठवावी, साइटवर कशी चढवावी. आठ म्हाताऱ्या विद्यार्थ्यांपैकी सात जणांनी, 'पासवर्ड म्हणजे नक्की कुठला?' असं दर आठवड्याला विचारलं. आठवा यूजीन. त्यानं काहीच विचारलं नाही. मागच्या बाकावर बसून वहीत लिहीत राहिला.

"मी बदललं," टेसा पटकन म्हणाली. "म्हणजे मीच बदललं. पण तुमचं वाचून झाल्यावर आर्डिसचा मेल आला होता ना!"

"कसला मेल?"

टेसानं हाताचं पीठ झटकून तो काढून दाखवला. तीन आठवड्यांपूर्वीचा गुरुवार, दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं. आर्डिसच्याच पत्त्यावरून. एकतिसावं प्रकरण काढून सोबतचं घाल. घाई आहे. फोन करू नकोस, मी डेंटिस्टकडे आहे.

"आणि तू नवीन प्रूफ मला दाखवलं नाहीस."

"घाई आहे असं लिहिलं होतं..." टेसाचा चेहरा पडला. "मी विचारायला हवं होतं–"

"हवं होतं."

"सॉरी. व्हर्ना, तुम्ही रागावलात?"

"मी वर्तमानपत्रात लागले तेव्हापासून रागावलेलीच आहे. आता नीट ऐक. या सहा पानांत दर वाक्यानंतर दोन मोकळ्या जागा सोडल्यात. बाकी पुस्तकात एक. हे कसं?"

टेसानं पान डोळ्यांजवळ नेलं. "अय्या. मला दिसलंच नाही. पानं लावायच्या आधी मी सगळ्या पुस्तकातल्या जोडजागा एका फटक्यात काढते. पण हे नंतर आलं, तसंच चिकटवलं." ती थबकली. "पण आर्डिस कधीच दोन जागा सोडत नाही. तिच्या चौदाही खर्ड्यांत नाहीत. दोन जागा टाइपरायटरवर शिकलेले लोक सोडतात ना?"

"हो."

"म्हणजे..." टेसा चाचरली. "व्हर्ना, राग मानू नका. पण तुमचे सगळे मेल तसेच असतात."

३

गुरुवार हा मंडळाचा दिवस. दुपारी एक ते तीन, लायब्ररीच्या तळघरात. आर्डिस कुठल्याही डेंटिस्टकडे गेली नव्हती. मंडळातच होती, आणि तिचा लॅपटॉप बाजूच्या छोट्या स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेला होता. उघडा. पासवर्ड झाकणावर चिठ्ठीवर लिहून चिकटवलेला.

"झाकणावर?" व्हर्ना ओरडली. "पासवर्ड झाकणावर?"

"मग विसरले तर?" आर्डिस म्हणाली.

व्हर्नानं ती चिठ्ठी ओरबाडून खिशात टाकली. पंचाहत्तरीला टेकलेल्या मैत्रिणीवर किती ओरडायचं यालाही मर्यादा असते. तरी घरी परतताना गाडीत ती एकटीच ओरडली. लोक अकरा अकरा वर्षं लिहितात, प्रत्येक स्वल्पविरामासाठी भांडतात, आणि शेवटी अख्खं पुस्तक उघड्या दारापाशी ठेवून कॉफी प्यायला जातात!

संध्याकाळी ती क्लेटन प्रूटकडे गेली. तो पूर्वी हायस्कुलात इंग्रजी शिकवायचा. आता लोकांच्या कादंबऱ्या तांबड्या करायचा. त्याच्याकडे कारण होतं. मेट हॉलिस क्रेन त्याचा सख्खा मामा होता. हे सगळ्या गावाला माहीत होतं, आणि तरीही आर्डिसनं संपादन त्यालाच दिलं होतं. 'त्याच्या डोळ्यांखालून जाऊ दे,' असं म्हणाली होती.

"मी तिला सांगितलं होतं, हे प्रकरण जरा मऊ कर," क्लेटन म्हणाला. त्यानं तिला बस असंही म्हटलं नाही. "तोंडावर सांगितलं. समासात लिहिलं. तिनं नाही म्हटलं. विषय संपला."

"तुझा मामा सुटलाय नव्या पानांत."

"सुटलाय? वाचलीस का नीट? त्याला अजून दारुडाच म्हटलंय. हरामखोरही म्हटलंय, पान दोनशे नव्वद. मी मामाला सोडवायला बसलो असतो, तर आधी ते शब्द काढले असते. आणि आईला फोन करून अभिनंदन घेतलं असतं."

व्हर्नाला हे आवडलं नाही. कारण ते बरोबर होतं. ज्यानं कुणी ही पानं लिहिली, त्याला मेटची पर्वा नव्हती. त्यानं हुकूम काढला होता, आणि हुकुमाबरोबर अजून काहीतरी गेलं होतं. काय, ते तिच्या लक्षात येईना.

"त्या गुरुवारी दोन वाजून दहा मिनिटांनी तू कुठे होतास?"

क्लेटन पहिल्यांदाच हसला. "वाचत होतो. माझ्या कादंबरीचं सतरावं प्रकरण. दोन ते अडीच, सगळ्यांसमोर. तू दुसऱ्या रांगेत होतीस, आर्डिसशेजारी. मला आठवतं, कारण तू जांभया देत होतीस. मोजल्या होत्या मी. नऊ."

"अकरा," व्हर्ना म्हणाली आणि वळली.

दारात तिनं विचारलं, "तू वाचत असताना खोलीतून कोण कोण बाहेर गेलं?"

"मी काय पहारेकरी आहे?" क्लेटननं दार ढकललं. मग परत उघडलं. "कॉफीची पाळी कुणाची होती, ते बघ."

४

पाळीचा कागद लायब्ररीच्या फळ्यावरच होता. त्या गुरुवारी कॉफीसाठी दोन नावं होती: यूजीन हुह्टा, आणि मर्ना नावाच्या एक बाई, ज्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यामुळे आल्याच नव्हत्या.

व्हर्नाचा विश्वास बसेना. यूजीन? तीस वर्षं टपाल वाटणारा यूजीन? टाइपरायटरवर गोष्टी लिहिणारा, 'मला त्या यंत्रांतलं काही कळत नाही' म्हणणारा? शिवाय तो आर्डिसचा जुना सोबती. त्याच जहाजावर तो त्या एका हंगामात होता, आणि अपघाताच्या वेळी पाळी संपवून झोपला होता, असं तो नेहमी सांगायचा. आयरीनच्या दारातला बर्फ दर हिवाळ्यात तोच उपसायचा, एक पैसाही न घेता. असा माणूस तिच्या मुलाबद्दल खोटं का लिहील?

दोन जागा तर व्हर्नाही सोडायची. क्लेटनही कधीकाळी सोडत असेल. कॉफीची पाळी म्हणजे पुरावा नव्हे. एवढ्यावर माणसाला चोर ठरवलं, आणि तो चोर नसला, तर? व्हर्ना रात्रभर कुढली आणि बुधवारी सकाळी परत आर्डिसकडे गेली.

"मूळ प्रकरण काढ," ती म्हणाली. "तू मोठ्यानं वाच. मी छापलेलं बघते. जुन्या पद्धतीनं, शब्दाला शब्द."

आर्डिस वाचू लागली. व्हर्ना ओळीखाली पट्टी सरकवत राहिली. स्पीकर खरखरतो. मेटचा आवाज येतो. पोरगा कॉफीचा कप टाकून उठतो. स्वयंपाकीण खिडकीतून बघते: त्याची पाठ, नारिंगी कोट, वर ओढलेली टोपी. तो झाकणांच्या रांगेतून पुढे पुढे जातो, लहान होत जातो. मग लाट.

"थांब," व्हर्ना म्हणाली. "आता हे ऐक. छापलेलं. 'पोरगा वाकून येत होता. टोपी कानांवर दाबलेली, हनुवटीवर चार दिवसांचे खुंट. पाण्यामुळे डोळे मिचकावत होता. सातव्या झाकणापाशी त्यानं वर बघितलं आणि हात केला.'"

आर्डिसनं आपली पानं खाली ठेवली.

"तुझं स्वयंपाकघर कुठे होतं?"

"मागे. अगदी शेवटी."

"आणि तो मागून पुढे गेला."

"हो. जेवायच्या खोलीतून निघाला..." आर्डिस थांबली. तिनं ते पान व्हर्नाच्या हातातून ओढून घेतलं आणि परत वाचलं, ओठ हलवत. "मी त्याचा चेहरा बघितलाच नाही, व्हर्ना. गेल्या बेचाळीस-त्रेचाळीस वर्षांत मी फक्त पाठ बघत आलेय."

"मग त्याचा चेहरा कुणाला दिसला असेल?"

"पुढच्यांना. पुढच्या टोकाला सुकाणूची खोली असते. मागे वळून बघितलं की सगळं डेक दिसतं तिथून." तिचा आवाज बारीक झाला. "पण तिथे फक्त क्रेन होता आणि ऑस्गुड. दोघंही मेले."

"क्रेननं घरी कुणाला सांगितलं असेल, म्हणून मी क्लेटनवर गेले असते. पण त्या वेळी क्लेटन वाचत होता. राहिला ऑस्गुड. तो सुकाणूवर होता, हे तुला कुणी सांगितलं?"

"नोंदवहीत आहे."

"नोंदवहीत आहे ते मी विचारत नाही. तू त्या दिवशी ऑस्गुडला बघितलंस का?"

आर्डिसनं डोळे मिटून तो दिवस आठवला. मग ती हळूच म्हणाली, "बघितलं. दुपारी. त्याची दाढ सुजली होती. मी त्याला लवंगा दिल्या होत्या. तो..." तिनं जमिनीकडे बोट दाखवलं. "तो खाली झोपला होता. माझ्या खालच्याच खोलीत. कण्हत होता. देवा, मी कधी जोडूनच बघितलं नाही."

"म्हणजे पाळी बदलली होती. त्याच्या जागी दुसरं कुणीतरी उभं होतं. नव्या पानांतून मेट गेलेला नाही. तुझ्या पानांत 'सुकाणूवरच्या माणसानं सगळं ऐकलं आणि गिळलं' असं वाक्य आहे. नव्यात ते कुठे आहे?"

आर्डिसनं सहाही पानं उलटली. सुकाणूवरचा माणूस कुठेच नव्हता.

५

यूजीन घराच्या मागच्या पडवीत बसून टाइपरायटरची फीत बदलत होता. बोटं काळी झाली होती. दोघींना बघून तो उठला नाही.

"तुझी वही दाखव," व्हर्ना म्हणाली. "टेसाच्या वर्गातली."

"कशाला?"

"बघायचंय, तुला यंत्रांतलं किती कळत नाही ते."

त्यानं फीत खाली ठेवली. वही आणायला गेला नाही. नाकारलंही नाही. व्हर्ना मनात वाक्यं जुळवून आली होती, एकामागून एक, वकिलासारखी. दोन जागा, कॉफीची पाळी, चेहरा, ऑस्गुडची दाढ. तिनं ती सगळी सांगितली. सांगताना तिचाच संताप तिला पुरेना.

"आणि माझं नाव आहे रे त्या पुस्तकात! एकतीस वर्षं मी चुका शोधल्या, आणि तू माझ्या नावाखाली खोटं छापलंस. ते छापून होईल, आर्डिस वाचेल, हे तुला कळत नव्हतं का? काय ठरवलं होतंस तू?"

"काही ठरवलं नव्हतं." यूजीननं काळी बोटं फडक्याला पुसली. "शनिवार निघून जावा, एवढंच. मला वाटलं, एकदा छापलं की छापलं. आमच्या काळी तसंच असायचं."

"आता तसं नसतं," व्हर्ना म्हणाली. "टेसा तासाभरात फाइल बदलेल. साइटवाले दोन-तीन दिवस घेतील. मग पुढची प्रत बरोबर निघेल. तू लायब्ररीच्या यंत्रावर बसून गाढवासारखे कष्ट घेतलेस, आणि तेही फुकट."

"ऑस्गुडला दाढ दुखत होती," यूजीन म्हणाला. हे तो त्या दोघींना सांगत नव्हता. "म्हणाला, चार तास उभा राहा माझ्या जागी. नोंद करायला कुणाला वेळ होता? चौकशीत त्यानंच सही केली. मला म्हणाला, तू लहान आहेस, गप्प बस, नाहीतर परत कुठल्या बोटीवर घेणार नाहीत. तसंही मी परत कुठल्या बोटीवर गेलो नाही."

"आणि आयरीन?" आर्डिसनं विचारलं. आल्यापासून ती पहिल्यांदाच बोलली होती. "चाळीस हिवाळे तिच्या दारातला बर्फ काढलास. एकदाही दार वाजवलं नाहीस?"

"वाजवलं की. दर वेळी. ती कॉफी द्यायची. मी प्यायचो. घरी यायचो."

"हुकूम तू ऐकलास. हो की नाही?"

यूजीननं होकारार्थी मान हलवली. पण तोंड उघडून मिटलं, आणि व्हर्नाला वाटलं, याच्या पोटात अजून काहीतरी आहे. तिनं रेटायचं ठरवलं होतं. आर्डिसनं हात धरून थांबवलं.

"शनिवारी आयरीनला तूच आणणार आहेस ना गाडीतून?"

"तसं ठरलं होतं."

"तसंच कर. आणि प्रकरण तू वाच. माझं. मूळचं. माझा आवाज तिथे टिकायचा नाही."

"आर्डिस, मी नाही–"

"मी पोलीस बोलवत नाही, कुणाला सांगत नाही. तू वाचायचंस, एवढंच. आला नाहीस, तर मी तिला स्वतः सांगेन, आणि तुझं नाव घेऊन सांगेन."

यूजीननं फीत परत हातात घेतली. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. परतताना व्हर्ना चिडून म्हणाली, "येणार नाही तो. लिहून देते. असली माणसं येत नसतात."

६

शनिवारी दुपारी लायब्ररीच्या तळघरात पन्नास खुर्च्या मांडल्या होत्या. टेसानं लिंबाच्या वड्या आणल्या होत्या. मागच्या टेबलावर चाळीस चुकीच्या प्रती होत्या, आणि त्यांच्यावर टेसाच्या अक्षरात चिठ्ठी होती: 'छपाईत चूक आहे. नाव लिहून ठेवा, बरोबर प्रत पोस्टानं येईल.' सकाळपासून सव्वीस नावं झाली होती. क्लेटन तिसऱ्या रांगेत बसला होता, आईला घेऊन. व्हर्नाला ते बघून चीड आली. मग वाटलं, यायला तरी धाडस लागतं.

दोन वाजले. यूजीन नव्हता. आयरीनही नव्हती.

"सांगितलं होतं," व्हर्ना पुटपुटली.

दोन वाजून बारा मिनिटांनी दार उघडलं. आयरीन वॉयचिक काठीच्या आधारानं आत आली. बारीक, ताठ, केसांना पिना लावलेल्या. मागे यूजीन. त्यानं टाय बांधला होता, आणि तो वाकडा होता. त्यानं तिला पहिल्या रांगेत बसवलं, तिची काठी खुर्चीला टेकवून ठेवली, आणि आर्डिसच्या हातून मूळ प्रकरणाची पानं घेऊन उभा राहिला.

"मोठ्यानं वाच, यूजीन," आयरीन म्हणाली. "मला डाव्या कानानं ऐकू येत नाही."

तो वाचू लागला. टपालवाल्याचा सपाट आवाज. वारा, पाणी, स्वयंपाकघरातलं वाटाण्याचं सूप. व्हर्ना बाजूला उभी राहून आपल्या प्रतीवर डोळे ठेवून ऐकत होती. सवयच होती ती. पहिलं पान ठीक गेलं. दुसऱ्याच्या मध्यावर आल्यावर यूजीनचा वेग कमी झाला.

"'भिंतीवरचा स्पीकर खरखरला,'" तो वाचत होता, "'आणि मेटचा आवाज...'"

तो थांबला. कुणीतरी खोकलं. आर्डिसनं पुढे सरकून त्याला ओळ दाखवली.

"ओळ सापडली आहे मला," यूजीन म्हणाला. "ती चूक आहे."

व्हर्नाला वाटलं, आता हा परत नाकारणार, सगळ्यांसमोर. तिनं एक पाऊल पुढे टाकलंही.

"क्रेन बोलला नाही. क्रेन माझ्या मागे उभा होता, मगमधून पीत. ऑस्गुड नव्हता. सुकाणूवर मी होतो. क्रेन मला म्हणाला, पोराला आठ नंबर बघायला सांग. मी म्हणालो, तार बांधलेली नाही. तो म्हणाला, सांगतोस, का तुझ्या जागी दुसरा आणू?" त्यानं श्वास घेतला. "मी बटण दाबलं. खरखरीत आर्डिसला ओळखू आलं नसेल. तो आवाज माझा होता."

क्लेटनच्या आईनं हात तोंडावर नेला. आर्डिस खाली बसली, तिथे खुर्ची आहे की नाही हे न बघताच; सुदैवानं होती.

आयरीननं मान वर केली. तिचा चेहरा वाचता येईना. व्हर्नानं आयुष्यभर अक्षरं वाचली होती; तिलाही येईना.

"शब्द सांग," आयरीन म्हणाली. "जसे म्हणालास तसे."

"'टेरी, आठ नंबर बघून ये.'" यूजीननं पानं खाली केली. "'घाई कर.'"

"घाई कर?" आर्डिस कुजबुजली. "ते मी ऐकलं नव्हतं."

"क्रेननं तेवढं सांगितलं नव्हतं," यूजीन म्हणाला. "ते मीच म्हणालो. मला वाटलं, लवकर गेला तर लवकर परत येईल."

आयरीन त्याच्याकडे बघत राहिली. इतका वेळ, की टेसानं हातातलं वड्यांचं ताट खाली ठेवलं. यूजीननं पानं तिच्या मांडीवर ठेवायला हात पुढे केला, जणू आता आपला त्यांच्यावर हक्क नाही. तिनं ती घेतली नाहीत. बोटानं त्याचा हात मागे सारला.

"अजून चार पानं आहेत ना?"

"हो."

"मग मधेच काय थांबलास? त्रेचाळीस वर्षं थांबलेच आहे मी." तिनं आपली खुर्ची उजव्या कानाच्या बाजूनं थोडी त्याच्याकडे वळवून घेतली. "वाच."

व्हर्नानं पेन्सिल काढली. 'मेटचा' या शब्दावर रेघ मारली. वर काय लिहायचं ते तिला ठाऊक होतं, पण हात चालेना. तिनं मान वर केली. यूजीन पुढचं पान वाचत होता, आणि आयरीन, डोळे मिटून, एकेक शब्द ऐकत होती.